शंकराच्या पानावरचा चिकटा

सकाळी साडेसहा ते साडेसात, एवढाच वेळ आमच्या सेक्टरला पाणी. त्या तासात घरातलं प्रत्येक माणूस कशाला ना कशाला जुंपलेलं असायचं. माझे यजमान कमलाकर अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बादल्या सरकवायचे, मुलगी रेवा वेणीची रिबीन शोधता शोधता पिंपावर लक्ष ठेवायची आणि मी डबे भरायचे. चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ती सकाळही अशीच चालली होती. पोळी तव्यावर फुगली आणि दारावर थाप पडली.

दाराला घंटी होती. ती न वाजवता थाप मारणारं आमच्या ओळखीचं एकच माणूस, कृष्णाबाई. पण कृष्णाबाई यायच्या सोमवारी, बेलाची पानं घेऊन. त्या दिवशी गुरुवार होता.

दार उघडलं तर त्याच. डोक्यावर टोपली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी पोटाशी धरलं होतं, तापलेलं पोर धरावं तसं.

"वैनी, तुमी झाडांचं शिकलाव ना?"

"कॉलेजात शिकले होते खरं. का हो?"

"मग जरा बगा. याला चिकटा पडलाय, आनि मना काय सुधरत नाय."

मावा पडला की झाडाची पानं गूळ लावल्यासारखी चिकट होतात, त्याला चिकटा म्हणतात. माझ्या जास्वंदीला दरवर्षी पडायचा. त्यामुळे मी जरा ऐटीतच म्हटलं, "या, आत या. चिकटा काय, साबणाच्या पाण्याने जातो."

कृष्णाबाई रोडपालीच्या, आमच्या सेक्टरांच्या कडेला उरलेल्या जुन्या गावातल्या. वय विचारलं तर सांगायच्या, "माझ्या लग्नात गावाला रस्ता नवता, वऱ्हाड बांधावरून आला. आता तुमीच हिशोब करा." पत्रीचा धंदा त्यांच्या सासूचा. गणपतीला एकवीस पत्री, हरतालिकेला वेगळी, सोमवारी बेल, शनिवारी रुईच्या पानांचा हार. आघाडा, माका, शमी, डोरली कुठे उगवते ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. पण सेक्टर वाढत गेले तशी पत्री लांब गेली. हल्ली त्या तळोज्याच्याही पलीकडे जायच्या. एकदा माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "इथं माका मिलायचा. बरोबर तुमच्या गॅसखाली." त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले. हसायला हवं होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचं पान निवडणं बघण्यासारखं असायचं. प्रत्येक पान उजेडाकडे धरायचं. टाचणीएवढं जरी भोक दिसलं तरी ते शेळीला. मी एकदा म्हटलं होतं, "एवढंसं तर आहे." तर म्हणाल्या, "भोकाचं पान वाहिलं तर देव त्या भोकातून आपल्याकडे बगतो. बगू दे का त्याला आपली गंमत?"

तर त्या कृष्णाबाईंनी माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर फडकं सोडलं. आत हातभर लांबीची एक फांदी होती. पंजासारखी, कातरलेल्या कडांची पानं.

"अंबाडी ना ही?" मी म्हटलं.

कृष्णाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. "अंबाडीची भाजी आमी जल्मापासून खातो ओ. मना अंबाडी कलत नाय? ह्या पानाला आंबट वास हाय का, सांगा."

मी पान चुरगळून नाकाशी नेलं. आंबट नव्हता. कसला होता तेही सांगता येईना. ओल्या गवतासारखा, त्यात थोडा कापरासारखा, आणि खाली काहीतरी घाणेरीसारखं उग्र. बोटं चिकट झाली. मावा कुठे दिसेना, पण चिकटा होता.

"हे आणलंत कुठून?"

"कलंबोलीला एक टरकवाला हार घ्यायचा, गाडीला लावायला. त्यानं बियांची पुडी दिली दिवालीनंतर. बोल्ला, भोलेनाथाचा पत्ता हाय, पेर, आजी."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आमच्या सेक्टरात नवं शंकराचं देऊळ झालं होतं. त्याच्या फाटकाशी कमिटीने एक ओटा बांधला होता, वर पत्रा टाकलेला, एका फूलवालीसाठी. एकीसाठीच. दावेदार दोघी, कृष्णाबाई आणि हौसा. हौसा दादरहून फुलांचे गड्डे आणायची आणि तिच्याकडे निशिगंध, लिली, सगळं असायचं. कृष्णाबाई उन्हात पोतं टाकून बसत होत्या आणि त्यांचे गुडघे आता उन्हाला आणि पोत्याला कंटाळले होते. कमिटीचे सेक्रेटरी गुरुदत्त परांजपे यांनी दोघींना सांगितलं होतं की, उत्तरेकडची काही मंडळी महाशिवरात्रीला शंकराला एक खास पान वाहतात, ते आपल्या देवळात कुणी आणत नाही. जी आणील तिला ओटा. पान कुठलं हे परांजप्यांना स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. "ते, लांबट, पंजासारखं," एवढंच ते म्हणाले होते.

"शिवरात्रीला पंधरा दिवस राहिले," कृष्णाबाई म्हणाल्या, "आनि एक पान धड नाय. ह्या पानावर भोकं, त्या पानावर जाली. कोन घेनार?"

मी कॉलेजातलं भिंग काढलं. सुईदोऱ्याच्या डब्यात ते अजून होतं. फांदीच्या शेंड्यावर हिरवट दाण्यांचे घोस दिसले. काही दाण्यांतून पांढरे बारीक केस बाहेर आले होते. पानाखाली लाल ठिपके. त्यातला एक ठिपका चालत होता.

"दिसतात ना?" कृष्णाबाई वाकून म्हणाल्या. "ती अंडी. कोंबडीगत घालतात नुसती. मी रोज सकालच्याला नखानं खुडते. तीन आठवडे झाले. करवंटी भरते ओ! दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. आनि ते पांढरे पाय बगा, बाहेर यायला लागलेत."

मी बघत राहिले. अंडी म्हणावीत तर देठ होते. कळ्या म्हणाव्यात तर पाकळ्या नव्हत्या. बारा वर्षांपूर्वी असलं काहीतरी मी वहीत काढून रंगवलेलं होतं, एवढं आठवत होतं. कशाचं ते आठवत नव्हतं.

तेवढ्यात अर्ध्या दाढीनिशी कमलाकर पाणी प्यायला आले. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मला खुणेने बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"तो गांजा आहे," ते कुजबुजले.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"पेपरात फोटो आला होता. पोलीस झाडं उपटतानाचा."

"पेपरातला फोटो काळापांढरा असतो. अंबाडीही तशीच दिसते."

"मग अंबाडी आहे का ती?"

"नाही."

"मग!"

"अहो, पण तो शंकराला वाहतात ना? भांग म्हणतात ती हीच की वेगळी?"

कमलाकर विमा कंपनीत. त्यांच्या हपिसातला एक वकील जेवणाच्या सुट्टीत कायदा सांगायचा. तो सगळा त्यांनी मला तोंडावरचा फेस सुकेपर्यंत सांगितला. नुसतं पान गांजात मोडत नाही म्हणे, शेंड्याचा फुलोरा मोडतो. पण झाड लावणं हाच गुन्हा. निदान त्यांना तसं आठवत होतं.

"म्हणजे पान चालतं आणि झाड चालत नाही? मग पान काय हवेत उगवायचं?"

"मला काय विचारतेस? कायदा मी केलाय का? तिला चहा दे आणि ती फांदी घराबाहेर काढ."

रेवाची बस आली, कमलाकरांची वेळ झाली. दोघं गेली. कृष्णाबाई फरशीवर बसून चहा फुंकत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. गांजा हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. आणि निघणार तरी कशाच्या जोरावर? मला नक्की काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मला झाडं दाखवा. फांदीवरून कळत नाही."

दुपारी आम्ही रिक्षाने रोडपालीला गेलो. कृष्णाबाईंच्या घरामागे पेंढ्याची उडवी, तिच्या आडोशाला ती तीन झाडं. माझ्या डोक्यावरून हातभर उंच. तुळशीला घालावं तसं आळं केलेलं, वर राख पसरलेली, प्रत्येक झाडाला काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची. दोन झाडं दाट होती, तिसरं किडकिडीत. दाट झाडांची खालची पानं पिवळी पडून त्यांवर बारीक ठिपके आले होते. पानामागे कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात सकाळचे लाल ठिपके फिरत होते. हा लाल कोळी. फांद्यांच्या बेचक्यांत कापूस चिकटल्यासारखे पिठ्या ढेकूण होते आणि त्यांच्या मागे मुंग्यांची रांग लागली होती. ही ओळख पटली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, जसं परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं.

"ही कीड," मी बेचक्यावर बोट ठेवून म्हटलं.

"ती तर हायच. पन अंडी?"

मी किडकिडीत झाडाकडे वळले. त्याच्यावरचे दाणे लोंबते होते, द्राक्षाच्या घडासारखे. फांदीला धक्का लागला आणि पिवळी धूळ उडून माझ्या साडीवर बसली.

"त्याला भुरी बी लागली," कृष्णाबाई म्हणाल्या. "तो लय आजारी हाय."

आणि त्या पिवळ्या धुळीने मला वहीतलं चित्र आठवलं. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. धूळ म्हणजे पराग. पांढरे केस म्हणजे मादी फुलाचं टोक. चिकटाही माव्याचा नव्हता, तो फुलोऱ्याचाच होता. चित्राखाली मी लिहिलेलं नावही आठवलं, आणि कमलाकर खरं बोलत होते.

"कृष्णाबाई," मी म्हटलं, "ही अंडी नाहीत. ही फुलं आहेत."

"कुठं?"

"तुम्ही रोज खुडता ती. झाड फुलावर आलंय."

त्या जवळ आल्या. एक दाणा नखावर घेतला. उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"पाकली नाय," त्या म्हणाल्या.

"नसतात याला."

"रंग नाय. वासाचं तर बोलूच नका." मग दाणा तसाच धरून, "तीस वर्सं फुलं विकते मी, वैनी. सासूनं डोले बांधून वास घ्यायला लावला होता, कुठला मोगरा आनि कुठली जाई. आनि मी करवंट्या भरभरून फुलं मारत होते?"

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. दाणा त्यांनी फेकलाही नाही, परत झाडाच्या बेचक्यात ठेवला, जणू तो तिथं पुन्हा लागणार होता.

आता बाकीचं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. गांजा म्हणतात तो याच झाडाचा. तो फुलोऱ्याचाच होतो.

"गांजा?" कृष्णाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "चिलमीतला? तो तर काला, चुरा असतो. माझा थोरला दीर ओढायचा बुवाच्या मठीत. ते हे?"

"सुकला की तसा होतो."

"आनि शंकराचं पान?"

"तेही याचंच."

"मग एकच झाड देवाचं बी आनि दिराचं बी?"

"हो."

"आनि पोलिसाचं बी."

"कृष्णाबाई, मला नीट माहीत नाही हो. पान चालतं असं म्हणतात, झाड चालत नाही असंही म्हणतात."

"तुमाला बी नाय ठावं?"

"नाही."

"मग एवढं शिकून काय केलंत, नुसत्या पोल्या?" असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला आणि आता मात्र हसल्या. मलाही हसू आलं. पण लिंबू-मिरची लावलेल्या तीन झाडांसमोर उभं राहून मला खरोखरच कळत नव्हतं की या बाईला मी किडीचं औषध सांगावं की झाडं उपटायला सांगावं. साबणाच्या पाण्याचा सल्ला ओठांवर आला होता. लाल कोळ्याला पानामागून जोरात पाणी मारावं, पिठ्या ढेकणाला स्पिरिटचा बोळा लावावा, मुंग्यांची रांग तोडावी. पंधरा दिवसांत वरची पानं धड निघाली असती. फुलं तर त्या स्वतःच खुडत होत्या. म्हणजे न कळता का होईना, त्यांनी पान ठेवलं होतं आणि फुलोरा काढला होता. कमलाकरांच्या वकिलाने यावर काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. आणि ओटा त्या पानावर अडला होता. उन्हापासून वाचवणारा पत्रा, गुडघे टेकायला सिमेंट, आणि हौसा समोर पोत्यावर.

"बरं, आतापर्यंत मारलंय काय काय?" वेळ काढायला मी विचारलं.

"राख. तांदलाचं धुवन. तंबाखूचं पानी. दृष्ट काढली." मग त्यांनी उडवीखालून एक निळा डबा ओढला. "आनि हे. शेजारचा तलोज्याला कारखान्यात कामाला जातो, त्यानं आनून दिला. बोल्ला, एक झाकन बादलीत."

डब्यावरचं नाव खरवडलेलं होतं. त्यावरचा लाल त्रिकोण, जहाल विषाची खूण, मात्र शाबूत होता.

"हे मारलंत?"

"एकावरच. परवा. त्या मधल्यावर, लय जाली होती म्हनून." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का ओ? देवाला चालत नाय?"

"देवाचं राहू दे. शिवरात्रीला ही पानं वाहून झाली की ती मंडळी त्यांचं काय करतात?"

"वाटतात. दुधात घालून पितात, प्रसाद म्हनून. टरकवाला बोल्ला होता." आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

मग त्यांनी जे केलं ते मला आजही दिसतं. त्या मधल्या झाडाशी गेल्या, तिथून डाव्या झाडाकडे हात लांब केला, मग उजव्याकडे. दोन्हीकडे बोटं पानांना लागली. मग ओली करंगळी हवेत धरून वारा पाहिला.

"परवा वारा खाडीकडचा होता," त्या म्हणाल्या. "कुठवर उडाला असंल?"

"मला नाही सांगता येणार."

"धुतला तर?"

"तेही नाही सांगता येणार."

"पंधरा दिवसांत उतरंल?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मला स्वतःलाच कळलं नाही. डब्यावरचं नाव असतं तर कदाचित काही कळलं असतं. कृष्णाबाईंनी पदर खोचला. काळे दोरे सोडून लिंबू-मिरच्या तिन्ही झाडांवरून उतरवल्या आणि बाजूला ठेवल्या. मग मधल्या झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी धरला.

"अहो, थांबा. निदान कुणाला तरी विचारू या."

"कुनाला? तुमी शिकलेल्या, तुमाला नाय ठावं. परांजप्यांना पान ठावं नाय. टरकवाला गेला तिकडं पंजाबला. विचारायला राहिला कोन, दीर? तो मेला." त्यांनी झाड उपटलं. भुसभुशीत आळ्यातून ते सहज आलं, मुळांना राख लागलेली. "भोकाचं पान मी देवाला देत नाय. हे तर मानसांच्या पोटात जायचं."

दुसरं झाड दोघींनी मिळून काढलं. तिसरं, किडकिडीत, त्यांनी एकटीने. पिवळी धूळ त्यांच्या केसांवर बसली. शेळी दोरीला ताण देऊन पुढे येत होती. कृष्णाबाईंनी तिला आधी लांब नेऊन बांधलं, मग खड्डा खणून झाडं आत लोटली आणि वरून माती ओढली. निळा डबा मी पिशवीत घेतला. त्याचं पुढे काय करायचं हेही मला ठाऊक नव्हतं, पण तिथं ठेवायचा नाही एवढं नक्की होतं.

हात धुऊन त्या पडवीत बसल्या. मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. ओट्याचा आता भरवसा नव्हता. हौसाही शिवरात्रीला ते पान कुठून आणणार होती? कदाचित कुणीच आणणार नव्हतं आणि कमिटी पुन्हा बसणार होती. पण कृष्णाबाईंच्या घरामागे गांजा होता, ही गोष्ट एकदा फाटकापर्यंत पोचली असती तर पुढच्या शिवरात्रीलाच काय, साध्या सोमवारीसुद्धा त्यांच्याकडून बेल कुणी घेतला नसता. हे मला कळत होतं. त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

मी निघाले तेव्हा त्या रिक्षापर्यंत आल्या. रिक्षा सुरू झाल्यावर त्यांनी दांडा धरला.

"वैनी, परांजपे तुमचं ऐकतात ना?"

"ऐकतात थोडंफार."

"मग त्यांना एवढंच सांगा, कृष्णाबाईच्या झाडाला कीड लागली. झाड कसलं ते बोलू नका."